ग्वांगजूचा मे महिना आणि सोंड नसलेला हत्ती

१६ मे २०२३, मंगळवार

सोलच्या योंगसान स्टेशनातून निघालेली केटीएक्स ही वेगवान गाडी दोन तासांच्या आत ग्वांगजू-सोंगजंगला पोचते. खिडकीतून भातखाचरं दिसत होती, लावणीसाठी पाणी भरून ठेवलेली. भाचा स्टेशनवर आला होता. तो इथल्या जिस्ट या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत पीएचडी करतो. "मावशी, एकदा ये," असा त्याचा कधीपासूनचा धोशा. माझी अट एकच होती: ग्वांगजूचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन, आणि ग्वांगजूचा मे महिना, दोन्ही एकत्र बघायला मिळाले पाहिजेत. हे बिएनाले बहुतेक वेळा सप्टेंबरात सुरू होतं. यंदाची चौदावी आवृत्ती मात्र ७ एप्रिल ते ९ जुलै अशी वसंतात आली आणि माझा योग जुळला.

मे महिन्याचा आग्रह का, ते आधी सांगते. १८ मे १९८० रोजी चुन दू-ह्वानच्या लष्करी राजवटीविरुद्ध या शहरातले विद्यार्थी चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठाच्या फाटकासमोर उभे राहिले. छत्रीधारी सैनिकांनी त्यांना इतकं निर्दयपणे झोडपलं की ते बघून सामान्य माणसं रस्त्यावर आली. २१ तारखेला प्रांतिक कचेरीसमोरच्या गर्दीवर गोळीबार झाला. लोकांनीही शस्त्रं मिळवली, सैन्य शहराबाहेर हटलं आणि पुढचे काही दिवस ग्वांगजू लोकांनी स्वतः चालवलं. २७ मेच्या पहाटे रणगाडे परत आले. पुढे कित्येक वर्षं या घटनेचा उघड उच्चार करणंही धोक्याचं होतं. बिएनाले सुरू झालं १९९५ मध्ये, या घटनेनंतर पंधरा वर्षांनी, याच शहरात. आशियातल्या सर्वांत जुन्या आणि मानाच्या बिएनालेंपैकी हे एक आहे. त्याच्या मुळाशी ही जखम आहे हे लक्षात न घेता ते बघायला गेलं, तर निम्मंच दिसतं असं माझं मत आहे.

म्हणून संध्याकाळी प्रदर्शनाकडे न जाता आम्ही गुमनाम-रो या हमरस्त्यावर गेलो. तिथे जॉनिल नावाची दहा मजली इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्याच्या भिंतींवर, खांबांवर आणि जमिनीवर न्यायवैद्यक तपासणीत गोळ्यांच्या २४५ खुणा सापडल्या. खुणांचे कोन पाहता गोळ्या हेलिकॉप्टरमधून झाडल्या असाव्यात, असा तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला. इमारतीचा रस्त्यावरचा क्रमांकही योगायोगाने २४५ आहे, म्हणून तिचं नावच आता 'जॉनिल इमारत २४५' झालंय. तो मजला जपून ठेवलाय आणि प्रत्येक खुणेशी छोटी चिठ्ठी आहे. एका खांबाशी मी बराच वेळ उभी होते. सिमेंटचा टवका उडालेली जागा करंगळीच्या टोकाएवढी असते.

समोरच आशिया संस्कृती केंद्र आहे. २०१५ मध्ये खुलं झालेलं हे अवाढव्य संकुल क्यू सुंग वू या वास्तुकाराने बहुतांशी जमिनीखाली बांधलंय. शेजारची प्रांतिक कचेरी, जिथे २७ मेच्या पहाटे शेवटचे लोक मारले गेले, ती खुजी दिसू नये म्हणून. इतका विनय मी फार थोड्या सरकारी इमारतींत पाहिलाय.

१७ मे, बुधवार

सकाळी बसने योंगबोंग-दोंगमधल्या बिएनाले भवनात. शहरात मेट्रोची एकच मार्गिका आहे, दुसरीचं खोदकाम चालू आहे, त्यामुळे बस मुंगीच्या गतीने सरकते. पण भवनाच्या आवारात हिरवी झाडी आहे आणि सकाळी शाळकरी मुलांचे घोळकेच्या घोळके रांगा लावून उभे असतात.

यंदाच्या कलादिग्दर्शक ली सूक-क्युंग या लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये काम केलेल्या कोरियन क्युरेटर. त्यांनी संकल्पना घेतली 'पाण्यासारखं मऊ आणि दुर्बळ', ताओ ते चिंग या प्राचीन चिनी ग्रंथातल्या विचारातून: जगात पाण्याहून मऊ काही नाही, पण कठीणाला झिजवण्यात त्याची बरोबरी कोण करणार? एकूण ७९ कलाकार, पाच ठिकाणं, शिवाय शहरभर विखुरलेली देशोदेशींची दालनं. पहिल्याच दालनात पायाखाली माती येते. दक्षिण आफ्रिकेच्या बुह्लेबेझ्वे सिवानी यांनी अंधाऱ्या खोलीत माती आणि गवत पसरलंय, वरून दोर लोंबतात आणि पलीकडे पडद्यावर पाण्याजवळ नाचणाऱ्या बाया दिसतात. चालताना बुटांचा आवाज येईनासा होतो. मुलं आपोआप गप्प झाली.

पुढच्या दालनात हत्ती होते.

ओम जाँगसून या चित्रकार नव्वदच्या दशकापासून दृष्टिहीन मुलांबरोबर कलेचं काम करतात. मुलांना खऱ्या हत्तीपर्यंत न्यायचं, त्याला हातांनी बघू द्यायचं, मग मातीत किंवा कागदावर त्यांना जाणवलेला हत्ती घडवायला सांगायचं, असा त्यांचा उपक्रम. 'सोंड नसलेला हत्ती' या कामात त्यांनी मुलांच्या अशाच हत्तींना खऱ्या हत्तीच्या आकारमानात उभं केलंय. आत लोखंडाचा सांगाडा, वर लोकरीचं जाड कापड. कुणाला सोंडच नाही. कुणाचं पोट एखाद्या घराएवढं आणि पाय चार बारीक खुंट. आणि या हत्तींना हात लावायला परवानगी आहे. नुसती परवानगी नाही, तर हात लावावा अशीच अपेक्षा आहे.

आंधळे आणि हत्ती ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा रोख कायम आंधळ्यांच्या चुकीवर असतो: एकाला खांब वाटला, एकाला सूप. त्या दालनात मला पहिल्यांदा वाटलं की ही गोष्ट डोळसांनी सांगितलेली आहे. ज्या मुलाने हत्तीच्या कुशीला गाल लावला त्याला हत्ती म्हणजे कधी न संपणारी ऊबदार भिंत वाटली असेल तर त्यात चूक काय? मी डोळे मिटून एका हत्तीच्या अंगावरून हात फिरवत गेले. कापडाची वीण एका जागी वर, एका जागी खाली जाते आणि तळव्याला ते लगेच कळतं. शेजारी एक आजीबाई दोन्ही हात पसरून हत्तीला टेकून उभ्या होत्या, काहीतरी पुटपुटत. भाच्याने हळूच सांगितलं, "त्या विचारतायत, किती रे मोठा झालास तू."

या हत्तीमागे एक इतिहास आहे आणि तो या प्रांतातला आहे. १४११ मध्ये जपानच्या शोगुनने जोसनच्या, म्हणजे तेव्हाच्या कोरियाच्या, राजाला एक हत्ती भेट पाठवला. जपानमध्ये तो सुमात्राकडच्या जहाजातून आला होता. कोरियाने त्याआधी हत्ती पाहिलाच नव्हता. त्याच्याकडे बघून थुंकणाऱ्या एका अधिकाऱ्याला त्याने तुडवलं, तो माणूस मेला आणि राजदरबाराने हत्तीला रीतसर हद्दपारीची शिक्षा दिली: जोल्ला प्रांतातल्या एका बेटावर. राजवंशाच्या बखरीत नोंद आहे की तो काही खात नाही, रोज खंगतोय, आणि माणूस दिसला की रडतो. शेवटी राजाला दया आली आणि त्याला बेटावरून हलवलं. ग्वांगजू याच जोल्ला प्रदेशात येतं. परक्या मुलखातून आलेला, कुणालाच न कळलेला, शिक्षा भोगलेला तो प्राणी ओमबाईंनी सहाशे वर्षांनी परत इथे आणला आणि लोकांना सांगितलं, आता हात लावून बघा.

या कामाला यंदा बिएनालेचं पारितोषिक मिळालं, एक लाख डॉलरचं. ते पारितोषिक चित्रकार पार्क सो-बो यांच्या देणगीतून नव्याने सुरू झालं होतं आणि त्यांच्याच नावाने होतं. उद्घाटनालाच स्थानिक कलाकार आणि नागरिकांनी निदर्शनं केली. हुकूमशाहीच्या काळात जे गप्प राहिले, त्यांचं नाव मे १९८०च्या शहरातल्या पुरस्काराला कसं, असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही गेलो त्याच महिन्यात पारितोषिक रद्द करण्याचा निर्णय झाला. पार्क हे कोरियन एकरंगी चित्रकलेतलं मोठं नाव, त्याबद्दल वाद नाही. पण ग्वांगजूच्या लोकांचं म्हणणं मला पटलं. नावाला काय एवढं, असं या शहरात म्हणता येत नाही. वाईट एवढंच वाटलं की बातम्यांत पारितोषिक राहिलं आणि हत्ती मागे पडला.

त्याच भागात मलेशियातल्या साबाहच्या 'पांग्रोक सुलाप' या गटाची लाकडी ठशांवरून काढलेली भलीमोठी चित्रं आहेत, ग्वांगजूच्या उठावावर. हे लोक ठसा कापडाखाली ठेवतात आणि त्यावर सगळे मिळून नाचतात, त्या दाबाने छाप उमटतो. ग्वांगजूच्या हाँग सुंग-दाम यांच्यासारख्या चित्रकारांनी ऐंशीच्या दशकात लाकडी ठशांवर उठाव कोरला, कारण ठसा स्वस्त पडतो, पटकन छापता येतो आणि हातोहात लपवून नेता येतो. ती परंपरा आग्नेय आशियात पोचली आणि आता तिकडचे कलाकार ती घेऊन परत आलेत.

किम सून-गी या फ्रान्समध्ये आयुष्य घालवलेल्या ज्येष्ठ कलावतीने इथल्या चोन्नाम मुलींच्या हायस्कुलातल्या विद्यार्थिनींकडून कविता वाचून घेतल्या आहेत. या शाळेच्या मुली १९२९ च्या जपानविरोधी विद्यार्थी आंदोलनात होत्या. ली गन-योंग यांचा मला फार आदर वाटतो. कॅनव्हासच्या मागे उभं राहून, समोर काय उमटतंय ते न बघता, हात जिथवर पोचेल तिथवर रेघा मारायच्या, ही त्यांची सत्तरच्या दशकातली रीत. तिथे चित्र म्हणजे माणसाच्या हाताची लांबी. शाळेत चित्रकला शिकवताना मुलांकडून मी हे करून घेतलं असतं तर, असा विचार दिवसभर डोक्यात होता.

लेबनॉनच्या तारेक अतुई यांनी कोरियात फिरून ओंगी मातीचे रांजण घडवणाऱ्या, हातकागद करणाऱ्या आणि ढोल मढवणाऱ्या कारागिरांबरोबर नवीच वाद्यं बनवली आहेत. त्यांचा आवाज कानांपेक्षा पोटात जास्त वाजतो. जपानच्या कोइझुमी मेइरो यांनी तर ग्वांगजूतच राहणाऱ्या कोर्यो-साराम मुलांबरोबर काम केलंय. १९३७ मध्ये स्टालिनने सोव्हिएत पूर्वेकडच्या कोरियनांना मध्य आशियात फेकलं. त्यांची पतवंडं आता मजुरीसाठी, शिक्षणासाठी आजोबांच्या देशात परतलीत आणि इथे परकी ठरतात. पडद्यावरची मुलं रशियन आणि कोरियन मिसळून बोलतात. भाचा तिथे खूप वेळ बसून राहिला. त्याच्या प्रयोगशाळेत कझाकस्तानहून आलेली अशीच एक मुलगी आहे.

आपली माणसंही या बिएनालेत आधीपासून आहेत. २००८ ची आवृत्ती ओक्वुई एन्वेझोर यांची, तिचे एक सहक्युरेटर मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे. २०१२ मध्ये आशियातल्या सहा स्त्रियांनी मिळून दिग्दर्शन केलं, त्यांत मुंबईच्या नॅन्सी अदजानिया होत्या. २०२१ ची जोडी देफ्ने आयास आणि नताशा गिनवाला यांची. मुंबईत या गोष्टी फारशा कुणाला ठाऊक नाहीत याची मला खंत वाटते.

संध्याकाळी परत गुमनाम-रो. १७ मेच्या रात्री इथे पूर्वसंध्येचा सोहळा असतो आणि रस्ता वाहनांना बंद होतो. ढोल-झांजांचे जथे, शाळांची पथकं, कामगार संघटनांचे झेंडे, मधूनमधून पांढऱ्या कपड्यांतल्या वृद्ध माता. त्यांची मुलं १९८० मध्ये गेली. त्या चालू लागल्या की गर्दी आपसूक वाट देते. रस्त्याकडेला बायका जुमोकबाप वाटत होत्या, म्हणजे मुठीत वळलेले भाताचे गोळे. वेढ्याच्या दिवसांत बाजारातल्या बायकांनी घरचा तांदूळ एकत्र करून, मोठ्या पातेल्यांत शिजवून, लढणाऱ्यांना हेच गोळे दिले होते. एका बाईने माझ्या तळहातावर गोळा ठेवला आणि माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटवली. मीठ, तीळ, समुद्री शेवाळाचा चुरा. आमच्याकडे वारीच्या वाटेवर जसं कुणीही कुणाच्याही हातावर भाकरी ठेवतं, तसंच ते देणं होतं.

१८ मे, गुरुवार

५१८ क्रमांकाची बस. हा क्रमांक तारखेवरूनच दिलाय आणि ती राष्ट्रीय दफनभूमीपर्यंत जाते. सकाळचा सरकारी कार्यक्रम आटोपल्यावर दुपारी गेलो. १९९७ मध्ये बांधलेली नवी दफनभूमी भव्य आणि रेखीव आहे. मी मात्र लवकरच मागच्या बाजूच्या जुन्या मांगवोल-दोंगच्या थडग्यांकडे निघाले. १९८० मध्ये कचरा वाहणाऱ्या गाड्यांतून प्रेतं आणून इथे पुरली होती. प्रत्येक थडग्यावर काचेच्या चौकटीत फोटो आहे, बहुतेक शाळा-कॉलेजच्या गणवेशातले. उठावाचं चित्रीकरण करून ते देशाबाहेर नेणारे जर्मन कॅमेरामन युर्गेन हिंट्झपेटर यांचे केस आणि नखं, त्यांच्याच इच्छेनुसार, इथे ठेवली आहेत.

१९९५ मध्ये पहिलं बिएनाले झालं तेव्हा लाखो लोक भवनात लोटले. क्यूबाच्या कचो यांच्या बाटल्यांवर तरंगणाऱ्या नावेला त्यात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पण ग्वांगजूच्या अनेक कलाकारांना हा सरकारी थाट रुचला नाही. गुन्हेगारांना शिक्षा झालेली नसताना उत्सव कसला, असं म्हणत त्यांनी त्याच वेळी इथे, या दफनभूमीत, स्वतःचा समांतर कला-महोत्सव भरवला. बिएनालेच्या पोटात ही ओढाताण आजही आहे. २०१४ मध्ये बुडालेल्या सेवोल या प्रवासी जहाजाच्या दुर्घटनेवर हाँग सुंग-दाम यांनी मोठं चित्र काढलं, त्यात राष्ट्राध्यक्षांना बुजगावणं दाखवलं होतं. ते बिएनालेच्या वर्धापन प्रदर्शनातून अडवलं गेलं, बिएनालेच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, इतर कलाकारांनी आपली कामं काढून घेतली. २०१७ मध्ये तेच चित्र ग्वांगजूच्या कला संग्रहालयात लागलं. मला हे शहर आवडतं ते याचसाठी. इथल्या लोकांना आपल्या उत्सवाशी भांडता येतं.

परतताना भाच्याने सांगचू-त्विगिम खाऊ घातली, भजी कोवळ्या सॅलडच्या पानात गुंडाळून, मिरचीच्या सोया पाण्यात बुडवून खायची. ग्वांगजूची खासियत. पोटभर खाल्ली.

१९ मे, शुक्रवार

मुगाक्सा हे सांगमू भागातलं बौद्ध मंदिर. ही जागा पूर्वी सांगमुदे या लष्करी तळाची. मे १९८० मध्ये पकडलेल्यांना याच तळावर कोंडून त्यांच्यावर लष्करी खटले चालवले होते. आता तिथे स्मृती उद्यान आहे आणि उद्यानाला लागून मंदिर. बुद्धजयंती जवळ आल्याने अंगणावर रंगीत कागदी कंदिलांचं छत होतं. आतल्या दालनांत बिएनालेची कामं, आणि शेजारी सभागृहात खरोखरीची प्रार्थना चालू.

इथे होंग ली ह्यन-सूक यांचं काम बघितलं. दगडातल्या कोरीव बुद्धाला हात लावणं निषिद्ध, म्हणून त्या कॅमेरा दगडाच्या अगदी जवळून फिरवतात आणि निवेदनातून बघणाऱ्याचा हात धरून नेतात: आता बोटं इथे आली, इथे थंड आहे, इथे खरखरीत. परवाचा हत्ती हाताने बघितला होता. हा दगड कानाने चाचपला. सभागृहातून प्रार्थनेत वाजवायच्या लाकडी मोक्ताकचे ठोके येत होते, ते निवेदनात मिसळून गेले. बिएनाले भवनाच्या पांढऱ्या भिंतींत हे काम निम्म्यानेही पोचलं नसतं.

दुपारी ग्वांगजू कला संग्रहालयात नेदरलँड्सचं दालन. 'भावी पिढ्यांवरच्या हवामान गुन्ह्यांचं न्यायालय' असं त्याचं रूप आहे, योनास श्टाल आणि राधा डिसूझा यांनी उभारलेलं. डिसूझा या मुळात मुंबईत वकिली केलेल्या, कामगार चळवळीतल्या. आता लंडनला कायदा शिकवतात. दालनात खरोखर न्यायालयाची रचना आहे आणि साक्षीदार म्हणून नामशेष झालेल्या प्राण्यांची आणि वनस्पतींची चित्रं उभी आहेत. उद्घाटनाच्या वेळी इथे प्रत्यक्ष सुनावण्या झाल्या होत्या. ज्या शहरात न्यायालय म्हणजे लष्करी खटला अशी आठवण आहे, तिथे लोकांनीच न्यायासनावर बसावं, ही कल्पना मला फार मोलाची वाटली. याच संग्रहालयाला हा जुंग-ऊंग या जपानमध्ये वाढलेल्या कोरियन संग्राहकाने हजारांवर कलाकृती दान केल्यात. त्यांच्या नावाचा कक्ष आवर्जून बघावा.

संध्याकाळी 'आर्टस्पेस हाऊस' या जुन्या कोरियन घरातल्या छोट्या दालनात नईम मोहायमेन यांची फिल्म लागली होती. कोलकात्याच्या एका ओस पडलेल्या हॉस्पिटलात नवरा-बायको शेवटच्या दिवसांबद्दल बोलत असतात. लाकडी छताखाली, जमिनीवर मांडी घालून, कोरियन लोकांबरोबर बसून बंगाली संवाद ऐकले.

२० मे, शनिवार

यांग्निम-दोंग ही टेकडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मिशनऱ्यांनी वसवली. करड्या विटांचे बंगले, जुनी ओवेन स्मारक इमारत, आणि चारशे वर्षांचं मानलं जाणारं होरांगाशी झाड, म्हणजे होलीची काटेरी पानांची जात. त्याच झाडाच्या नावाने इथलं आर्टपॉलिगॉन हे कलादालन चालतं.

तिथल्या काचेच्या खोलीत मोरी युको यांचं काम आहे. छतापासून कागदाच्या लांब पट्ट्या लोंबतात, त्यांचं टोक जमिनीला घासत फिरतं आणि धूळ, कचरा, पडलेलं पान जे लागेल ते टिपतं. त्या डागांचे संकेत होऊन दिवे लुकलुकतात, वाद्यं आपोआप वाजतात. हान कांग या कादंबरीकार ग्वांगजूत जन्मल्या आणि उठावाच्या काही महिने आधी, नऊ वर्षांच्या असताना, त्यांचं कुटुंब सोलला गेलं. त्यांच्या पांढऱ्या रंगावरच्या गद्यातून मोरींनी हे काम उभं केलं. काचेबाहेर झाडी हलते, आत कागद हलतो. तासभर तरी आम्ही तिथे होतो.

बाकीच्या टेकडीवर दालनंच दालनं. यांग्निम संग्रहालयात फ्रान्सतर्फे झिनेब सेदिरा, ली गांग-हा संग्रहालयात कॅनडाच्या इनुइट कलाकारांची रेखाटनं, ली ली-नाम या ग्वांगजूच्याच माध्यमकलाकाराच्या स्टुडिओत स्वित्झर्लंडची छायाचित्रं. ली ली-नाम यांची स्वतःची कामं मला त्या छायाचित्रांहून सरस वाटली: जुन्या शाईचित्रांच्या पडद्यांत हळूच बर्फ पडू लागतो, धबधबा वाहू लागतो. शेजारी पेंग्विन वस्ती आहे. आगीत जळलेल्या घराची जागा साफ करून म्हाताऱ्यांनी तिथे टाकाऊ घड्याळं, रेडिओ, भांडी टांगली आणि गल्लीच प्रदर्शन झाली. बिएनालेच्या नकाशात ती नाही, पण मी ती त्यातच धरते.

संध्याकाळी गावात 'फॉली' शोधत फिरलो. २०११ पासून ग्वांगजूने जगभरच्या वास्तुकारांना बोलावून रस्त्यांत छोट्या छोट्या रचना उभारून घेतल्यात, काही तर जुन्या तटबंदीच्या रेषेवर. रेम कूलहास आणि इंगो नीरमान यांच्या रचनेत गल्लीतून जाणारा माणूस 'हो', 'नाही', 'कदाचित' अशा तीनपैकी एका दारातून जाऊन प्रश्नाला मत देतो. दिल्लीच्या रॅक्स मीडिया कलेक्टिव्हने २०१३ मध्ये मेट्रोचा डबाच घेतला होता. त्याच दिवशी टॅक्सीवाल्यांची फेरी होती. २० मे १९८० ला शेकडो टॅक्सी आणि बस दिवे लावून सैन्याच्या दिशेने निघाल्या होत्या. त्याची आठवण म्हणून चालक दर वर्षी त्याच रस्त्याने गाड्या नेतात. एका वयस्क चालकाने काच खाली करून भाच्याला काहीतरी विचारलं. त्याने "इन्दो" म्हटल्यावर त्यांनी हॉर्न वाजवून हात उंचावला.

२१ मे, रविवार

मुदुंगसान डोंगराची उंची ११८७ मीटर आणि वर जाणाऱ्या बसचा क्रमांकही ११८७. शिखरावर सैन्याचा तळ असल्याने तिथवर जाता आलं नाही, पण अकराशे मीटरवर सोसोकदे इथे दगडाचे उभे खांब ओळीने रचल्यासारखे आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर आपल्याकडे असेच खांब आहेत. तिथला दगड बेसॉल्ट, इथला ज्वालामुखीच्या राखेचा, पण थंड होत तडे जाण्याची रीत तीच. २०१८ पासून हा युनेस्कोचा भू-उद्यान प्रदेश आहे.

जुंगसिम्सा मंदिराच्या बाजूने उतरलो, कारण वाटेत उइजे संग्रहालय लागतं. उइजे म्हणजे हो बेक-र्योन (१८९१–१९७७), दक्षिणी शाईचित्र परंपरेतले शेवटचे मोठे चित्रकार. जपान्यांनी सोडलेला चहाचा मळा त्यांनी घेतला, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शेतकी शाळा काढली आणि चित्रं काढत राहिले. ग्वांगजूला कलेचं गाव म्हणतात ते १९८० च्या कितीतरी आधीपासून, उइजेंसारख्यांमुळे. बिएनाले बघायला येणारे बहुतेक परदेशी पाहुणे इथवर चढत नाहीत. त्यांनी जरूर चढावं. वरच्या मळ्यातला चुनसोल चहा अजूनही मिळतो, आणि पायथ्याशी मुदुंगसानचा बोरीबाप, म्हणजे जवाचा भात आणि दहा-बारा रानभाज्या.

डोंगगोक संग्रहालयातलं इटलीचं दालन आणि पोलंडचं दालन राहिलं. राष्ट्रीय संग्रहालयात १३२३ मध्ये बुडालेल्या सिनान जहाजातली चिनी मातीची भांडी आहेत आणि शेजारी बिएनालेची कामं, तेही राहिलं. स्टेशनवर मी भाच्याला ही यादी लिहून दिली. ९ जुलैपर्यंत त्याच्याकडे पुष्कळ रविवार आहेत आणि तो एकेक दालन बघून फोनवर सविस्तर सांगणार आहे.